काठी, तालीम आणि शील : युद्धकलांचे शिक्षण व आयुष्याच्या अवस्था

अलीकडे गावोगावच्या बुद्धविहारांच्या पटांगणात सायंकाळी मुला-मुलींचे लाठीचे व कराटेचे वर्ग भरताना दिसतात. आटपाडीसारख्या माणदेशी तालुक्यात तर तालमीचा नाद पूर्वीपासूनच आहे. जत्रेला कुस्तीचा फड लागला नाही तर ती जत्रा अपुरी वाटते. अशा वेळी आपल्या उपासक-उपासिकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न शीलाचा आहे. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा करणाऱ्याने प्रहार करण्याची विद्या शिकावी काय? दुसरा प्रश्न वयाचा आहे. सात वर्षांच्या मुलीने, सतरा वर्षांच्या मुलाने, चाळिशीतल्या आईने आणि सत्तरीतल्या आजोबांनी काय शिकावे, किती शिकावे आणि त्यापासून प्रत्येकाला कोणता लाभ होतो? पहिल्या प्रश्नाचा निर्णय झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर नीट कळले नाही तर पहिल्याचे उत्तर कोरडे राहते. म्हणून प्रस्तुत लेखात दोहोंचा क्रमाने विचार केला आहे.

१. 'दंड' या शब्दाचा अर्थ

पालि भाषेत 'दण्ड' या शब्दाला काठी, शिक्षा आणि हिंसा असे तीन अर्थ आहेत. धम्मपदातील दहाव्या वग्गाचे नावच दण्डवग्ग आहे. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात अत्तदण्ड नावाचे सुत्त आहे. 'अत्तदण्ड' म्हणजे ज्याने दंड हाती उचलला आहे असा मनुष्य. हाती दंड घेतल्यापासून भय उत्पन्न होते, थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून आपल्या मनात संवेग निर्माण झाला, असा तथागतांच्या तेथील कथनाचा आशय आहे. याच्या उलट, सर्व प्राण्यांविषयी ज्याने दंड खाली ठेवला आहे त्याला 'निहितदण्ड' म्हटले आहे आणि असा पुरुषच खरा श्रमण होय, असे सांगितले आहे.

या शब्दाकडे आपल्या समाजाच्या इतिहासातून पाहिले म्हणजे त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. आटपाडी हे पूर्वी औंध संस्थानातील गाव. याच गावी 1921 साली शंकरराव खरात यांचा जन्म झाला. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि 1984 च्या जळगाव येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या 'तराळ-अंतराळ' या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या नावातच 'तराळ' हा शब्द आहे. तराळकी, वेसकरकी ही गावकामे करणाऱ्या माणसाच्या हाती काठी असे. रात्री वेस राखणे, सरकारी टपाल व निरोप पोचवणे, चोरावर पाळत ठेवणे ही कामे त्या काठीच्या बळावर चालत. म्हणजे गावाचे रक्षण करणारा हाच, आणि त्याच गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव असणाराही हाच! घुंगूर लावलेली ती काठी रक्षणाचे साधन असून ती धरणाऱ्याच्या गुलामगिरीची खूण बनली होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा 1958 चा मुंबई राज्याचा कायदा झाला, तेव्हा या काठीचे कायदेशीर ओझे उतरले.

येथे एक साम्य नोंदवण्यासारखे आहे. मूलसर्वास्तिवादी विनयात भिक्षूने जवळ बाळगावयाच्या 'खक्खर' नावाच्या कड्या लावलेल्या काठीचा उल्लेख येतो. तिच्या नादाने वाटेतील प्राणी दूर व्हावेत आणि भिक्षेच्या वेळी दारी आल्याची सूचना मिळावी, असा तिचा उपयोग. घुंगूरकाठी तिच्यापासूनच आली असे म्हणण्यास आधार नाही आणि तसा दावा करणे योग्यही नाही. परंतु नाद करणारी काठी एका हाती करुणेचे आणि दुसऱ्या हाती दास्याचे चिन्ह होऊ शकते, एवढे यातून स्पष्ट होते. काठीला स्वतःचे शील नसते. ते धरणाऱ्याच्या चित्ताचे आणि ज्या समाजव्यवस्थेत ती धरली जाते त्या व्यवस्थेचे असते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली समता सैनिक दलाची उभारणी केली, तेव्हा या काठीचा अर्थ पालटला. गावाची चाकरी करणारी काठी आता सभेचे रक्षण आणि शिस्त यांचे साधन झाली. याच वर्षी महाड येथे 20 मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. त्या जमावात सैन्यातून निवृत्त झालेली, शस्त्र चालवणे अंगवळणी पडलेली माणसे होती. प्रतिकार करण्याचे बळ त्यांच्यात होते आणि संतापही होता. बाबासाहेबांनी त्यांना शांतता राखण्याचा आदेश दिला व तो पाळला गेला. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. दुर्बळाने मार सोसणे आणि समर्थाने हात आवरणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांत मूलतः अंतर आहे. क्षांती ही दुसऱ्या गोष्टीस म्हणतात. युद्धकलेच्या शिक्षणाचा बौद्ध दृष्टीने विचार करताना महाडचा हा प्रसंग नेहमी डोळ्यांपुढे असावा.

२. सुत्तांमध्ये नेमके काय सांगितले आहे?

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात ज्या खेळतमाशांपासून श्रमण विरत राहतो त्यांची यादी आहे. तीत हत्ती, घोडे, रेडे, कोंबडे यांच्या झुंजींबरोबर दण्डयुद्ध म्हणजे काठ्यांची लढत, मुट्ठियुद्ध म्हणजे मुष्टियुद्ध आणि निब्बुद्ध म्हणजे कुस्ती यांचाही उल्लेख आहे. विनयपिटकात कीटागिरी येथील अस्सजि व पुनब्बसुक यांच्या गटातील भिक्षू मुष्टियुद्ध व कुस्ती खेळत असत, म्हणून त्यांचे वर्तन दोषास्पद ठरवले आहे. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की बुद्धांनी युद्धकला त्याज्य मानली.

हा निष्कर्ष घाईचा आहे. हे दोन्ही संदर्भ भिक्षूच्या आचाराविषयीचे आहेत. भिक्षूने गायन-वादन पाहू नये असेही त्याच यादीत आहे. म्हणून गृहस्थाने संगीत वर्ज्य करावे असे कोणी म्हणत नाही. गृहस्थाविषयीचे वचन पाहावयाचे तर अंगुत्तर निकायाच्या अट्ठकनिपातातील दीघजाणु सुत्ताकडे वळले पाहिजे. कोलिय कुळातील दीघजाणूला उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता समजावून सांगताना शेती, व्यापार, गोपालन यांच्या बरोबरीने 'इस्सत्थ' म्हणजे धनुर्विद्या आणि राजसेवा यांचाही निर्वाहाच्या मार्गांत समावेश केलेला आहे.

त्याच वेळी मर्यादाही घालून दिली आहे. पंचकनिपातात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत पहिला 'सत्थवणिज्जा' म्हणजे शस्त्रांचा व्यापार हा आहे. संयुत्त निकायात योधाजीव नावाचा एक योद्धा विचारतो की, रणात झुंजताना मरणारा स्वर्गास जातो, ही परंपरेची समजूत खरी काय? तथागत दोनदा उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की, समोरच्याचा नाश व्हावा अशा दूषित चित्ताने मरणाऱ्याची गती स्वर्ग नव्हे. म्हणजे कौशल्य शिकणे, त्यावर निर्वाह करणे, मारण्याच्या साधनांचा बाजार मांडणे आणि मारण्याची इच्छा धरणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंना मोकळीक आहे, तिसरीला मनाई आहे आणि चौथीला तर मुळीच थारा नाही.

अट्ठकथांमध्ये प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत : प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, वधकचित्त असणे, प्रयत्न असणे आणि त्या प्रयत्नाने मृत्यू घडणे. आखाड्यात जोडीदाराबरोबर सराव करणाऱ्याच्या ठिकाणी यातील वधकचित्तच नसते. किंबहुना समोरच्याला इजा होऊ नये याची काळजी घेणे हा प्रत्येक चांगल्या तालमीचा पहिला नियम असतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत जो भेद केला आहे, तो याच विचाराला धरून आहे. त्याच ग्रंथात शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाचा प्रसंग आहे. क्षत्रियाचे सर्व शिक्षण घेतलेला सिद्धार्थ तेथे युद्धाला विरोध करतो, आणि तो भित्रा होता म्हणून नव्हे. शस्त्रविद्या येत असूनही युद्ध नाकारणे हा त्या प्रसंगाचा गाभा आहे.

३. शाओलिन आणि बोधिधर्म

कराटेच्या वर्गांतून एक कथा सर्रास सांगितली जाते. बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू चीनला गेला, त्याने शाओलिन विहारात भिक्षूंना युद्धकला शिकवली आणि तेथून ती जगभर पसरली, अशी ती कथा. आपल्या मुलांना ती अभिमानास्पद वाटते. परंतु अभिमानाला सत्याचा पाया असावा, हीच बुद्धाची शिकवण आहे.

हेनान प्रांतातील शाओलिन विहार सुमारे इ. स. 495 मध्ये उत्तर वेई राजवटीच्या सम्राटाने उभारला, तो बातुओ या नावाने चिनी साधनांत ओळखल्या जाणाऱ्या भारतीय भिक्षूसाठी. तेथील इ. स. 728 च्या शिलालेखात, 621 साली पुढे थांग सम्राट झालेल्या ली शिमिनला तेरा भिक्षूंनी लढाईत साहाय्य केल्याची नोंद आहे. बोधिधर्माचे नाव मात्र युद्धकलेशी जोडले जाते ते फार उशिरा. ज्या यीजिनजिंग नामक व्यायामग्रंथाच्या आधारे हे श्रेय त्याला देतात, तो ग्रंथ सतराव्या शतकातील असल्याचे बहुतेक संशोधक मानतात. तेव्हा बोधिधर्म हा ध्यान परंपरेचा आचार्य म्हणूनच आदरणीय आहे. त्याला कराटेचा जनक म्हणण्याची गरज नाही.

मात्र या संशोधनातून आपल्या विषयाशी निगडित अशी एक गोष्ट पुढे येते. मिंग काळात शाओलिनचे भिक्षू ज्या शस्त्रासाठी प्रसिद्ध होते ते तलवार किंवा भाला नसून साधी काठी होते. ज्या काठीला आपल्याकडे गावकीचा डाग लागला, तिचाच तेथे अभ्यासाचा विषय झाला होता.

४. शैलींचे चार प्रकार

युद्धकलांची नावे शेकडो असली तरी शरीराला त्या काय करावयास लावतात, या दृष्टीने त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट पकडीचा. आपली मातीतील कुस्ती आणि जपानी जूदो यांत येतात. समोरच्याचा तोल बिघडवणे आणि आपला राखणे हे त्यांचे तंत्र. त्यांपासून मान, पाठ, कंबर व पकड बळकट होते. जूदोत पडण्याची कला स्वतंत्रपणे शिकवतात. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत जूदोचे शिक्षण सुरू केले, ही गोष्ट विहाराच्या पटांगणात वर्ग चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. कुस्तीविषयी बोलताना हेही सांगितले पाहिजे की पालि वाङ्मयातील 'मल्ल' हे एका गणराज्याचे नाव आहे. तथागतांचे महापरिनिर्वाण कुसिनारा येथे, मल्लांच्याच भूमीत झाले. मराठीत मल्ल म्हणजे पैलवान. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांची वय, आकार व बल यांनुसार वर्गवारी केलेली आढळते.

दुसरा गट प्रहाराचा. कराटे, तायक्वांदो, मुष्टियुद्ध हे प्रकार यात मोडतात. यांत चपळता, अंतराचा अंदाज आणि श्वासावरील ताबा वाढतो. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 साली ओकिनावातील ही कला टोकियोत दाखवली. पुढे 'चिनी हात' या अर्थाच्या अक्षराऐवजी 'रिकामा हात' या अर्थाचे अक्षर कराटेसाठी रूढ झाले. त्या 'रिक्त' अक्षरात बौद्ध शून्यतेची छटा आहे, असे फुनाकोशी स्वतः मानत.

तिसरा गट साधनांचा. आपल्या मर्दानी खेळातील लाठी, दांडपट्टा, विटा हे प्रकार यात येतात. लाठी दोन्ही हातांनी फिरवावी लागत असल्यामुळे शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या तयार होतात, खांदे मोकळे होतात, आणि पायांची हालचाल हातांशी जुळते. शिवाय हा सर्वांत कमी खर्चाचा प्रकार आहे. गादी नको, गणवेश नको. बांबूची एक सरळ काठी आणि मोकळी जागा पुरते.

चौथा गट संथ हालचालींचा. चीनमधील ताईची हा त्याचा ठळक नमुना. प्रहाराच्याच हालचाली अत्यंत सावकाश, भान ठेवून करावयाच्या असतात. सतिपट्ठान सुत्तातील कायानुपस्सनेत पुढे जाताना, मागे येताना, हातपाय आखडताना व पसरताना संपजञ्ञ राखण्यास सांगितले आहे. संथ शैलीचा अभ्यास करणाऱ्याला त्याचा अर्थ शरीराने कळतो.

५. कोणत्या वयात काय?

बालपण, म्हणजे साधारण पाच ते अकरा वर्षे : या वयात शरीर कौशल्य भराभर आत्मसात करते, बळाची मात्र घाई करू नये. कोलांटी, पडणे, उडी, तोल, काठीचे साधे हात, कराटेच्या ठरावीक क्रमाच्या हालचाली एवढे पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वयोगटातील मुलांना दररोज सरासरी किमान 60 मिनिटे दमछाक होईल असा व्यायाम हवा आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. हाडांची जी पुंजी या आणि पुढच्या दहा वर्षांत साठते, तीच म्हातारपणी खर्चावयाची असते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे वडील स्वतः पैलवान होते आणि खाशाबांना कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले तेव्हा त्यांचे वय 26 होते. मधली सुमारे वीस वर्षे ही पायाभरणी होती. म्हणून दहा वर्षांच्या मुलाला फडात इरेला घालणाऱ्या पालकांनी थोडे थांबावे. डोक्यावर प्रहार करणारे प्रकार या वयात नकोतच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 साली मुलांसाठी प्रत्यक्ष आघात नसलेल्या सरावाचाच पुरस्कार केला आहे.

किशोरवय, बारा ते अठरा : उंची झपाट्याने वाढण्याचा हा काळ मुलींमध्ये मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येतो. वाढीच्या काळात हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग कोवळा असतो, म्हणून गुडघा, टाच वा कोपर यांचे सततचे दुखणे अंगावर काढू नये. कुस्तीत वजनगटासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे हे या वयात अतिशय घातक आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा वर्गात दम लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे आणि तिच्या ताटाकडे पाहावे. या वयाचा खरा लाभ स्नायूंपेक्षा मनाला होतो. ठरल्या वेळी येणे, हरल्यावर जोडीदाराशी हात मिळवणे, आणि रस्त्यात कोणी अंगावर आल्यास भीतीने गोठून न जाता आवाज उठवणे व तेथून निघून जाणे, हे मुलीला ज्या दिवशी जमले त्या दिवशी तिचे शिक्षण सफल झाले.

प्रौढपण, एकोणीस ते साठ : पहिली दहा-पंधरा वर्षे स्पर्धेची. त्यानंतर शरीराचा हिशेब बदलतो. चाळिशीच्या सुमारास स्नायूंचे मान हळूहळू कमी होऊ लागते. तो ऱ्हास थोपवण्याचा उपाय म्हणजे बळाचा नियमित व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान 2 दिवस स्नायूबळाचा व्यायाम सांगते. चाळिशीत प्रथमच शिकू इच्छिणाऱ्याने लाठीपासून आरंभ करावा. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचे दुखणे असल्यास आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. शेतात वा घरकामात राबणारी स्त्री आधीच व्यायाम करते, असे म्हणून तिला वर्गाबाहेर ठेवले जाते. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमाने शरीराचा एकच भाग झिजतो, व्यायामाने सर्व भागांना समतोल बळ येते.

वार्धक्य, साठीनंतर : या वयातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पडणे. कंबरेचे हाड एकदा मोडले की माणूस पुष्कळदा अंथरुणाला खिळतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी, तर ताईचीने सुमारे 19 टक्क्यांनी घटू शकते. म्हणून संथ शैली हा या वयाचा मार्ग होय. त्यासाठी चीनहून गुरू आणण्याची आवश्यकता नाही. लाठीचे हातच काठी हलकी घेऊन, अतिशय सावकाश, भिंतीजवळ उभे राहून केल्यास तोलाचा सराव होतो.

६. वयाविषयी बुद्धवचनाचा आधार

वर सांगितलेल्या वयोविचाराशी सुसंगत असे पुष्कळ सुत्तांत आढळते. अंगुत्तर निकायाच्या पंचकनिपातात प्रधानासाठी म्हणजे नेटाच्या प्रयत्नासाठी पाच अयोग्य काळ सांगितले आहेत : वार्धक्य, आजार, दुष्काळ, भयाचा काळ आणि संघातील फूट. यांपैकी तिसरा माणदेशातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या वर्षी घरात पुरेसे अन्न नाही त्या वर्षी मुलाकडून दुप्पट बैठका काढून घेणे हे अज्ञान आहे. आणि पाचवा काळ? ज्या वस्तीत दोन गटांची भांडणे आहेत तेथे वर्ग टिकत नाही, हा अनुभव कार्यकर्त्यांना नवा नाही.

वार्धक्याला अयोग्य काळ म्हटले, म्हणून वृद्धांनी स्वस्थ बसावे असा त्याचा अर्थ नव्हे. तारुण्यात करावयाचे ते तारुण्यातच करा, असा तो इशारा आहे. त्याच निपातात चंक्रमणाचे, म्हणजे जाणीवपूर्वक येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. मनुष्य प्रवास सोसू शकतो, प्रयत्नास समर्थ होतो, निरोगी राहतो, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. विनयपिटकातील कथेनुसार, मिष्टान्नाने जडावलेल्या भिक्षूंना पाहून वैद्य जीवकाने त्यांच्यासाठी चंक्रमण व बाष्पस्नानगृह यांची अनुमती मागितली होती.

अतिरेकाविषयी सोण कोळिविसाची कथा प्रसिद्ध आहे. सुखात वाढलेल्या सोणाने इतके चंक्रमण केले की त्याच्या तळपायांतून रक्त आले. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त देऊन वीर्याची समता सांगितली. या कथेचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याचे पाय पाहून बुद्धांनी पादत्राण वापरण्याची अनुमती दिली, आणि सोणाच्या विनंतीवरून ती सर्व संघाला लागू केली. शरीर पाहून नियम बदलणे हे शिक्षकाचे दौर्बल्य नसून त्याचे ज्ञान होय.

मज्झिम निकायातील बोधिराजकुमार सुत्त तर प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावे असे आहे. हत्तीवर बसून अंकुश चालवण्याच्या विद्येत निपुण असलेल्या राजपुत्राला बुद्ध विचारतात की, श्रद्धा नसलेला, रोगी, कपटी, आळशी आणि प्रज्ञाहीन माणूस तुझ्याकडून ही विद्या शिकू शकेल काय? राजपुत्र म्हणतो, यांतील एक दोष असला तरी शिकू शकणार नाही. आजच्या भाषेत सांगावयाचे तर शिष्याचा गुरूवर विश्वास हवा, प्रकृती हवी, दुखापत न लपवण्याचा प्रामाणिकपणा हवा, मेहनत हवी आणि समज हवी.

७. तालीम, नमस्कार आणि आपली भूमिका

आपल्या कुटुंबांना भेडसावणारी एक अडचण उघडपणे मांडणे आवश्यक आहे. गावोगावच्या तालमीत मारुतीची मूर्ती असते व कुस्तीपूर्वी तिला नमस्कार करण्याची रूढी आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबातील मुलाने तेथे काय करावे? औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868 ते 1951) यांनी सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार केला आणि संस्थानातील शाळांतून तो रुजवला. आटपाडीही त्यात आलीच. त्यातही मंत्र आणि सूर्योपासना होतीच.

यावर विवेकाचा मार्ग असा. पाठीचा कणा वाकवणे आणि सरळ करणे ही शरीराची क्रिया आहे. ती कोणत्याही देवाच्या मालकीची नाही. क्रिया घ्यावी, उपासना सोडावी. मातीला हात लावून, वस्तादांना व जोडीदाराला अभिवादन करून मुलगा आखाड्यात उतरला तर त्यात कोणाचाही अनादर नाही. पालकांनी हे वस्तादांना आधीच नम्रपणे सांगावे. बहुतेक समंजस वस्ताद ते मानतात. जेथे मानले जात नाही, किंवा जेथे मुलाची जात विचारली जाते, तेथे मुलाला अपमान गिळावयास न लावता विहाराच्या पटांगणात आपला वर्ग सुरू करावा. असा वर्ग मात्र सर्वांना खुला असावा. ज्यांनी आपल्याला पाणवठा बंद केला त्यांच्यासारखे वागून आपण आखाडा बंद करू नये.

विहारातील वर्गासाठी काही पथ्ये सुचवावीशी वाटतात. आरंभी त्रिसरण-पंचशील व पाच मिनिटे आनापान असावे. उन्हाळ्यात सराव सूर्योदयाच्या सुमारास उरकावा व पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. मुलींच्या वर्गाला शक्यतो स्त्री प्रशिक्षक असावी, निदान एक जबाबदार उपासिका उपस्थित असावी. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी वा गोंधळल्यासारखे झाल्यास सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. आणि वर्गाबाहेर काठी उगारणाऱ्याला वर्गात स्थान नसावे.

८. 'ठाण'

अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात राजाच्या सेवेस योग्य अशा योद्ध्याची चार लक्षणे दिली आहेत : तो ठानकुसल म्हणजे पवित्र्यात कुशल असतो, दूरचा वेध घेतो, विजेच्या वेगाने लक्ष्य भेदतो आणि मोठा समूह फोडतो. भिक्षूच्या ठायी या चार लक्षणांचा अर्थ क्रमाने उलगडला आहे : दूरचा वेध म्हणजे पंचस्कंधांकडे यथार्थ प्रज्ञेने पाहणे, लक्ष्यभेद म्हणजे चार आर्यसत्यांचे ज्ञान, आणि समूह फोडणे म्हणजे अविद्येचा महास्कंध फोडणे. या सर्वांच्या आधी येते ते ठानकौशल्य, आणि ठानकौशल्य म्हणजे शील, असे तेथे स्पष्ट केले आहे.

'ठान' हा पालि शब्द मराठीत 'ठाण' होऊन आजही जिवंत आहे. आपण ठाण मांडून बसतो, ठाण मांडून उभे राहतो. लाठी असो, कुस्ती असो वा कराटे, पहिल्या दिवशी वस्ताद पाय कसे रोवावेत हेच शिकवतात, कारण ठाण चुकले तर पुढचा प्रत्येक हात चुकतो. शीलाचेही तसेच आहे. आटपाडीजवळच औंध संस्थानाने 1939 साली स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. तेथे भिंतीच्या व दंडाच्या जागी विश्वास ठेवला गेला. दंड खाली ठेवूनही माणसे सुधारतात हे या माळरानाने पाहिले आहे. त्याच माळरानातील आपल्या मुला-मुलींनी हाती काठी घ्यावी ती वेसकराची म्हणून नव्हे आणि कोणाला धाक घालण्यासाठीही नव्हे. शरीर निरोगी राहावे, भय जावे आणि वेळ आली असता हात आवरण्याचे सामर्थ्य अंगी यावे, एवढ्यासाठी ती घ्यावी. ज्याच्या हाती बळ आहे तोच ते खाली ठेवू शकतो. 'निहितदण्ड' होण्याची साधना करावयाची, तर वय कोणतेही असो, आधी ठाण नीट मांडावे लागते.